श्वास, अंतर आणि निमज्जन : ‘ऑस्मोस’च्या निमित्ताने

पाश्चात्त्य सौंदर्यविचाराने डोळा आणि कान या दोन इंद्रियांना जो मान दिला, तो अन्य इंद्रियांच्या वाट्याला क्वचितच आला. हेगेलने सौंदर्यशास्त्रावरील आपल्या व्याख्यानांत कलानुभव दृष्टी व श्रवण यांच्यापुरता मर्यादित केला आणि गंध, रुची व स्पर्श यांना त्या कक्षेबाहेर ठेवले. त्यामागील तर्क उघड आहे. डोळा आणि कान वस्तूला न संपवता, तिचा उपभोग न घेता, अंतरावरून जाणतात. हे अंतर हीच सौंदर्यानुभवाची पूर्वअट मानली गेली. या विभागणीत श्वासाला जागाच नव्हती, कारण श्वास हे इंद्रियच नव्हे. तो जगण्याची अट आहे, जाणण्याचे साधन नाही, असे गृहीत धरले गेले.

भाषेने मात्र ही फारकत कधी पुरती मान्य केली नाही. ग्रीकमधील ‘न्यूमा’ आणि लॅटिनमधील ‘स्पिरितुस’ हे शब्द श्वास आणि चैतन्य या दोन्ही अर्थांनी वापरले गेले. ‘प्राण’ या शब्दातील ‘अन्’ हा धातूही श्वसनाचाच. काव्यशास्त्रात श्वास यतीच्या रूपाने नेहमीच उपस्थित होता. चार्ल्स ओल्सन या अमेरिकन कवीने १९५० मध्ये लिहिलेल्या ‘प्रोजेक्टिव्ह व्हर्स’ या निबंधात कवितेच्या ओळीची लांबी कवीच्या श्वासावरून ठरावी, असा आग्रह धरला. तरीही या साऱ्या विचारात श्वास निर्मात्याचा, गायकाचा किंवा पठण करणाऱ्याचा आहे. आस्वादकाने श्वास घेणे ही कलाकृतीच्या दृष्टीने अप्रस्तुत घटनाच राहिली. शार डेव्हीज या कॅनेडियन कलावतीच्या ‘ऑस्मोस’ या १९९५ मधील कृतीचे ऐतिहासिक महत्त्व या पार्श्वभूमीवर तपासावे लागते. आस्वादकाच्या श्वासावाचून ही कृती पुढे सरकतच नाही.

‘ऑस्मोस’ची गणना सामान्यतः ‘आभासी वास्तव’ या तंत्राच्या इतिहासात केली जाते. हा इतिहास दुहेरी आहे. त्याचा एक धागा चित्रकलेचा आहे. रॉबर्ट बार्करने १७८७ मध्ये ‘पॅनोरामा’चे एकस्व घेतले तेव्हा चित्राची चौकट काढून टाकून प्रेक्षकाला चित्राच्या मध्यभागी उभे करण्याची कल्पना संस्थात्मक रूपात पुढे आली. दुसरा धागा संगणकाचा. आयव्हन सदरलंडने १९६८ मध्ये डोक्यावर चढवायचे असे दृक्‌-उपकरण सादर केले की ज्यात मान वळवली असता संगणकाने रेखाटलेले दृश्यही तदनुसार बदलत असे. पुढील दोन दशकांत या तंत्राची वाढ प्रामुख्याने लष्करी वैमानिकांचे प्रशिक्षण आणि अवकाशसंशोधन यांच्या आश्रयाने झाली. त्यामुळे त्यात एक विशिष्ट देहकल्पना रुजली : पाहणारा म्हणजे लक्ष्य शोधणारा डोळा, आणि करणारा म्हणजे दांडी किंवा हातमोजा चालवणारा हात. दृश्यही या देहकल्पनेला साजेसे. कडा स्पष्ट, वस्तू घन, अवकाश रिकामा आणि मोजता येण्याजोगा.

डेव्हीज यांचे या क्षेत्रातील स्थान अंतर्विरोधाचे आहे. त्या मुळात चित्रकार. स्वतःच्या तीव्र लघुदृष्टीमुळे वस्तूंच्या कडा विरघळून प्रकाशाचे आकारहीन पुंज कसे उरतात, हा त्यांच्या चित्रांचा एक विषय होता. चित्राचा सपाट पृष्ठभाग अपुरा वाटू लागल्यावर त्या त्रिमितीय संगणकचित्रणाकडे वळल्या आणि माँट्रियल येथील ‘सॉफ्टइमेज’ या कंपनीच्या उभारणीत सहभागी झाल्या. याच कंपनीची प्रणाली ‘जुरासिक पार्क’ (१९९३) या चित्रपटातील प्राण्यांना चालवण्यासाठी वापरली गेली. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली. घन आणि हुबेहूब वस्तू पडद्यावर उभी करण्याच्या व्यवसायाच्या केंद्रस्थानी राहून त्या व्यवसायाच्या दृष्टीलाच छेद देणारी कृती निर्माण व्हावी, ही गोष्ट कलेच्या समाजशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. विरोधाला लागणारी साधने विरोधाच्या विषयाकडूनच मिळाली होती.

कृतीचे स्वरूप थोडक्यात असे. निमग्न होणारी व्यक्ती डोक्यावर दृक्‌-उपकरण आणि छातीभोवती संवेदक बसवलेली बंडी घालते. श्वास आत घेतला की ती आभासी अवकाशात वर तरंगते, सोडला की खाली उतरते. शरीराचा तोल किंचित कलवला की दिशा बदलते. हाताला कोणतेही काम नाही. ही कल्पना डेव्हीज यांना पाण्याखालील पोहण्यातून सुचली. पाणबुड्या फुप्फुसांतील हवेच्या कमीअधिक प्रमाणानेच आपली खोली सांभाळतो. प्रवेश होतो तो कार्तीय रेषाजालात. पहिल्या काही श्वासांसरशी ते जाल विरते आणि एका मोकळवनात एक वृक्ष दिसू लागतो. तेथून पानाच्या आत, तळ्यात, मातीखाली, ढगांत जाता येते. वस्तू अर्धपारदर्शक असल्यामुळे एका जगातून दुसऱ्यात जाताना कोणताही उंबरठा लागत नाही. सर्वांत खाली या कृतीसाठी लिहिलेल्या संगणकीय आज्ञावलीच्या ओळी आहेत आणि सर्वांत वर निसर्ग, देह व तंत्रज्ञान यांविषयीच्या काव्य-तत्त्वज्ञानपर उताऱ्यांचे शब्दजग. सुमारे १५ मिनिटांनी हे सारे विश्व एका गोलात आकसून दूर जाते आणि परत येत नाही.

‘ऑस्मोस’ या शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘परासरण’ : अर्धपार्य पटलातून होणारे द्रवाचे वहन. आत आणि बाहेर, मी आणि सृष्टी, यांच्यामधील भिंत ही भिंत नसून पटल आहे, हा शीर्षकाचा दावा. त्यासाठी श्वासाचीच निवड का व्हावी, याचे उत्तर श्वासाच्या दुहेरी स्वरूपात आहे. हृदयाचे ठोके आपल्या इच्छेने चालत नाहीत, हाताची हालचाल बहुतांशी इच्छेनेच होते. श्वास मात्र दोन्हींच्या सीमेवर आहे. तो आपोआप चालतो आणि लक्ष दिले असता आपल्या हाती येतो. हाताने जग ताब्यात घेता येते. श्वासाने ते फार वेळ धरून ठेवता येत नाही, कारण घेतलेला श्वास सोडावाच लागतो. वर गेलेल्याला खाली यावेच लागते, हा नियम येथे देहाच्या धर्मातून आलेला आहे, खेळाच्या नियमातून नव्हे. जिंकणे, गाठणे, मिळवणे या क्रियापदांना या कृतीत स्थान उरत नाही, ते याच कारणाने.

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो. आस्वादकाला कलाकृतीने चहूबाजूंनी वेढले, त्याच्या श्वासालाही आपल्यात ओढून घेतले, तर त्याच्या चिकित्सक भानाचे काय होणार? ऑलिव्हर ग्राऊ या जर्मन कलेतिहासकाराने २००३ मधील आपल्या ग्रंथात भित्तिचित्रांपासून आभासी वास्तवापर्यंतची निमज्जनाची परंपरा मांडली आणि निमज्जन जसजसे वाढते तसतसे चिकित्सक अंतर घटते, ही चिंता व्यक्त केली. ‘ऑस्मोस’ हे त्याच्या विवेचनातील एक प्रमुख उदाहरण आहे. मराठी सौंदर्यविचारात रा. भा. पाटणकरांनी लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असे जे दोन ध्रुव कल्पिले, त्यांच्या परिभाषेत सांगायचे तर प्रश्न असा : जी कृती देहाच्या सर्वांत लौकिक क्रियेवर उभी आहे, तिच्यात लौकिकापासूनची अलिप्तता संभवते काय?

या आक्षेपात अंतराची कल्पना स्थानवाचक करून टाकली गेली आहे. एडवर्ड बुलो याने १९१२ मध्ये ‘मानसिक अंतरा’चा सिद्धान्त मांडला तेव्हा त्याने घेतलेले उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. ते समुद्रावरील धुक्याचे. धुक्यात सापडलेला प्रवासी चित्रापुढे उभा नसतो. धुके त्याच्या सर्व बाजूंनी असते आणि धोकाही खराच असतो. तरीही त्या क्षणी व्यावहारिक काळजी बाजूस सरून त्याला धुक्याचे सौंदर्य जाणवू शकते. म्हणजे अंतराच्या सिद्धान्ताचे मूळ उदाहरणच निमग्न माणसाचे आहे. वेढलेले असणे आणि अंतर नसणे या दोन भिन्न गोष्टी ठरतात. ‘ऑस्मोस’मधील धूसरता या उदाहरणाशी योगायोगाने जुळत असली तरी तर्काच्या दृष्टीने ती जुळणी अर्थपूर्ण आहे.

मात्र अंतर संभवते एवढे दाखवल्याने ते घडते असे सिद्ध होत नाही. ते कृतीच्या रचनेत दाखवावे लागेल. अशा तीन जागा दाखवता येतात. पहिली, श्वासच. व्हिक्टर श्क्लोव्हस्कीने १९१७ मध्ये मांडलेल्या अपरिचितीकरणाच्या तत्त्वानुसार कला सवयीने अदृश्य झालेली गोष्ट पुन्हा जाणवून देते. श्वासाइतकी सवयीची दुसरी क्रिया नाही. येथे प्रत्येक उच्छ्वासाचा परिणाम डोळ्यांसमोर घडत असल्याने ती क्रिया लक्षाचा विषय बनते. दुसरी जागा आज्ञावलीच्या जगाची. निसर्गाच्या मुळाशी उतरणाऱ्याला तेथे यंत्रलिपी सापडते. आपण ज्यात आहोत ती रचना आहे, हे कृती स्वतःच उघड करते. तिसरी जागा प्रदर्शनाच्या मांडणीची. निमग्न व्यक्तीची सावली एका पडद्यावर पडते आणि तिला दिसणारे दृश्य दुसऱ्या पडद्यावर बाहेरच्यांना दिसते. प्रेक्षकाचा येथे लोप झालेला नाही. तो दोन भूमिकांत विभागला गेला आहे. आत असलेला जे जगतो ते बाहेरचा वाचतो.

अंतराविषयीच्या आक्षेपाला उत्तर मिळाले तरी निसर्गाविषयीचा आक्षेप उरतोच, आणि तो अधिक टोकदार आहे. ‘ऑस्मोस’मधील वृक्ष श्वास घेत नाही. निमग्नाच्या उच्छ्वासाने निमग्नाचे स्थान बदलते, वृक्षाचे काही बदलत नाही. परासरणात देवाणघेवाण असते. येथे तिचा केवळ अनुभव रचला आहे. डेव्हीज यांची पुढील कृती ‘एफेमेर’ (१९९८, नॅशनल गॅलरी ऑफ कॅनडा, ओटावा) या उणिवेची अंशतः दखल घेते. तिच्यात भूप्रदेश, भूगर्भ आणि मानवी देहाचा अंतर्भाग असे तीन स्तर आहेत; निमग्नाची नजर स्थिरावली तर बी अंकुरते, ऋतू पालटतात आणि काहीच टिकत नाही. दोन्ही कृती २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील आधुनिक कला संग्रहालयात एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हा हा प्रवास स्पष्ट झाला. तथापि येथेही प्रतिसाद देते ते यंत्र, वनस्पती नव्हे.

पुढील दोन कृतींच्या सान्निध्यात हा मुद्दा अधिक उलगडतो. ‘मार्शमॅलो लेझर फीस्ट’ या ब्रिटिश कलासमूहाने २०१८ मध्ये लंडनच्या साची गॅलरीत ‘वुई लिव्ह इन अ‍ॅन ओशन ऑफ एअर’ ही कृती सादर केली. तिच्या केंद्रस्थानी महाकाय सिकोया वृक्ष आहे. संवेदकांनी टिपलेला सहभागी व्यक्तीचा उच्छ्वास कणांच्या रूपाने दिसू लागतो आणि प्राणी व वनस्पती यांच्यातील वायूंचा विनिमय डोळ्यांपुढे उलगडतो. विज्ञानदृष्ट्या ही मांडणी ‘ऑस्मोस’पेक्षा अचूक आहे, वृक्ष येथे विनिमयातील दुसरा पक्ष आहे. परंतु त्यासाठी श्वासाला दृश्य व्हावे लागले. जे डोळ्याच्या सत्तेबाहेर होते ते पुन्हा डोळ्याच्या स्वाधीन झाले. याउलट राफाएल लोझानो-हेमेर या मेक्सिकन-कॅनेडियन कलावंताच्या ‘व्हिशस सर्क्युलर ब्रीदिंग’ (२०१३) या यांत्रिक कृतीत आभास मुळीच नाही. बंदिस्त कक्षात आधीच्या लोकांनी श्वसन केलेलीच हवा नव्या सहभागी व्यक्तीने घ्यायची, कागदी पिशव्या फुगत-मिटत राहणार, आणि गुदमरण्याच्या व संसर्गाच्या धोक्याची सूचना बाहेर लावलेली. विनिमय येथे खरा आहे, म्हणूनच तो भयकारी आहे.

चिन्हमीमांसेच्या परिभाषेत हा फरक नेमका करता येतो. ‘ऑस्मोस’मध्ये श्वास गती आहे : तो कशाचे चित्र नाही, पण त्याचा परिणाम त्याचा निर्देश करतो. २०१८ च्या कृतीत तो प्रतिमा आहे; निर्देशक चिन्ह येथे सादृश्याचे चिन्हही बनते. लोझानो-हेमेरच्या कृतीत श्वास हे चिन्ह नसून द्रव्य आहे. गती, प्रतिमा आणि द्रव्य या तीन शक्यतांपैकी एकही दुसरीची जागा घेऊ शकत नाही. गतीतून अवधान मिळते पण विनिमय निसटतो. प्रतिमेतून ज्ञान मिळते पण देह मागे पडतो. द्रव्यातून सत्य मिळते पण त्यासाठी जोखीम पत्करावी लागते. २०२० च्या महासाथीत एकमेकांचा श्वास हीच भीतीची वस्तू झाली, तेव्हा या तिसऱ्या शक्यतेला आलेला अर्थ कोणत्याही कलावंताने योजलेला नव्हता. ‘आपण एकच हवा घेतो’ हे विधान त्या वर्षापासून केवळ सांत्वनाचे राहिलेले नाही.

अशा कृतींचे आयुष्य यंत्राच्या आयुष्याशी बांधलेले असते, ही या इतिहासाची आणखी एक बाजू. ‘ऑस्मोस’ ज्या ‘ओनिक्स’ संगणकावर साकारली, त्याच्या सिलिकॉन ग्राफिक्स या निर्मात्या कंपनीने २००९ मध्ये दिवाळखोरीत आपली मालमत्ता विकली. चित्र किंवा ग्रंथ यांच्याप्रमाणे ही कृती हवी तेव्हा उघडून पाहता येत नाही. अभ्यासकाला बहुतांशी चित्रफिती, कलावतीचे निबंध आणि निमग्न झालेल्यांची कथने यांच्या आधारे तिची पुनर्रचना करावी लागते. मौखिक परंपरेच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. प्रयोग संपतो, संहिता उरते, आणि संहितेत नेमका श्वासच नसतो. म्हणूनच या कृतीचा विचार साहित्यसमीक्षेलाही टाळता येत नाही. वाचकप्रतिसादाच्या सिद्धान्तांनी वाचकाला अर्थाचा सहनिर्माता ठरवले, पण तो वाचक बहुधा देहहीन राहिला. ओळीच्या शेवटी थांबणारा, लांब वाक्यात दम कमी पडणारा, मनातल्या मनात वाचतानाही श्वासाची लय बदलणारा वाचक सिद्धान्तात अद्याप पुरता आलेला नाही. ‘ऑस्मोस’ने निसर्गाशी मानवाचे नाते जोडून दिले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आस्वादकाला शरीर असते आणि त्या शरीराची एक क्रिया अर्थनिर्मितीत भाग घेऊ शकते, एवढे तिने दाखवून दिले. त्याचे सैद्धान्तिक परिणाम तपासणे हे काम समीक्षेचे आहे.