लिफाफ्यांवरचे जेट युग

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ग्रंथांइतक्याच काळजीने टपाल तिकिटेही जतन केली जातात. टॉमस टॅपलिंग यांनी १८९१ मध्ये मृत्युपत्राद्वारे आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला; त्यातून या विभागाचा पाया घातला गेला. आज त्यात ८० लाखांहून अधिक वस्तू आहेत. श्रीमती ऑगस्टीन फिट्झजेराल्ड यांचा हवाई टपालाचा संग्रहही त्यांपैकीच एक.

जेट विमानांच्या आरंभकाळाचा अभ्यास करणाऱ्याला तिकिटांपेक्षा लिफाफे अधिक सांगतात. तिकिटावर सरकारला जे दाखवायचे असते तेच छापले जाते. लिफाफ्यावरच्या शिक्क्यांत मात्र प्रत्यक्ष प्रवासाची तारीख, मार्ग आणि कधी अपघातही नोंदला जातो.

२ मे १९५२ रोजी बीओएसी कंपनीच्या 'कॉमेट' विमानाने लंडनहून जोहान्सबर्गकडे उड्डाण केले. रोम, बैरुत, खार्टुम, एंटेबे आणि लिव्हिंग्स्टन असे थांबे घेत ते २४ तासांच्या आत पोहोचले. जेट विमानाची ही पहिली नियमित प्रवासी सेवा होय. तिच्या टपालाचे लिफाफे संग्राहकांनी हौसेने जपले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कोलंबोची सेवा सुरू झाली आणि त्या मार्गावर मुंबईचा थांबा आला.

बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ रोजी, सिंगापूरहून लंडनला निघालेले कॉमेट कलकत्त्याच्या दमदम विमानतळावरून उडाल्यावर काही मिनिटांतच वादळात सापडून कोसळले. विमानातील सर्व ४३ जण मृत्युमुखी पडले. अवशेषांत सापडलेल्या पत्रांवर अपघाताचा शिक्का मारून ती पुढे रवाना करण्यात आली. हौसेच्या लिफाफ्यांशेजारी ठेवले असता हे मळलेले, फाटके कागद पाहणाऱ्याला अस्वस्थ करतात.

१९५४ मध्ये एल्बा बेटाजवळ आणि नेपल्सजवळ आणखी दोन कॉमेट समुद्रात कोसळली. एल्बाजवळचे विमान म्हणजे जोहान्सबर्गची पहिली फेरी करणारेच. फार्नबरो येथे एका कॉमेटचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर वारंवार दाब देण्यात आला, तेव्हा धातूचा शीण हे या दोन्ही अपघातांचे कारण असल्याचे निष्पन्न झाले.

भारतीय टपाल खात्याने १९६१ मध्ये अलाहाबाद-नैनी हवाई टपालाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिकिटे काढली. त्यांपैकी १५ नव्या पैशांच्या तिकिटावर १९११ च्या हंबर-सॉमर विमानासोबत एअर इंडियाचे बोइंग ७०७ जेट झळकले.