नव्वद दिवसांचा दाखला आणि काचवाल्याची वही

संशोधनाचा विषय कुठून मिळतो, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. ग्रंथालय, जुने प्रबंध, मार्गदर्शकांनी सहज बोलता बोलता टाकलेलं एखादं वाक्य, ही नेहमीची ठिकाणं. मला माझा विषय भोंगवलीत एका ओट्यावर मिळाला, आणि तोही चिडलेल्या माणसाकडून.

भोंगवली हे भोर तालुक्याच्या पूर्व भागातलं गाव. इथल्या माणसाला कामासाठी दोन दिशा: पुणं, नाहीतर नीरा ओलांडून शिरवळचे कारखाने. आमच्या भावकीतले एक नाना पुण्याच्या दिशेला गेले आणि काच बसवायला लागले. बावीस वर्षं तेच काम. घरांची तावदानं, स्लायडिंग, दुकानांच्या शोकेस, बाथरूमची पार्टिशनं. गेल्या वर्षी एका मोठ्या साइटवर त्यांना गेटवरच विचारलं, "सर्टिफिकेट आहे का?" नव्हतं. मग कुणी सांगितलं, बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करा, काहीतरी कागद हातात येईल. त्यासाठी कामाचा दाखला हवा. एका कार्यालयानं सांगितलं, काम शहरात करता, तर दाखला तिकडून आणा. तिकडचा ठेकेदार म्हणाला, माझीच नोंदणी नाही, मी काय लिहून देऊ?

नाना मला म्हणाले, "तू पीएचडी करतेस ना? मग सांग, मला काच बसवता येती हे कुणी लिहून द्यायचं?"

मी गप्प बसले. पण हा प्रश्न मी माझ्या वहीत जसाच्या तसा लिहून घेतला, आणि तुम्हीही अशी वाक्यं तशीच लिहून घ्यावीत असं मला वाटतं. लगेच त्याचं "असंघटित क्षेत्रातील कौशल्य प्रमाणीकरण : एक अभ्यास" करून टाकू नका. नानांच्या वाक्यात "कुणी" हा शब्द आहे. शीर्षकात तो गळून पडतो, आणि खरा प्रश्न तर त्या "कुणी"चाच आहे.

आता माझी पहिली चूक सांगते, म्हणजे तुमचे तीन महिने वाचतील. मी शोध सुरू केला तो "काच" या शब्दापासून. महाराष्ट्रात काच म्हटलं की तळेगाव दाभाडे येणारच. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारायची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि 1908 मध्ये तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत काचेचं शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. तो नुसता कारखाना नव्हता, कारागीर घडवणारी शाळाही होती. पुढे 1916 मध्ये ओगले बंधूंचा कारखाना निघाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. साहित्य भरपूर, गोष्ट रंगतदार. मी टिपणांवर टिपणं काढत गेले.

मार्गदर्शकांनी ती वाचली आणि एकच विचारलं: "यात तुमचे नाना कुठे आहेत?"

नव्हतेच. तळेगावात भट्टीपुढे उभा राहून काच फुंकणारा माणूस आणि खिडकीच्या चौकटीत काच बसवणारा माणूस, यांच्या कामात सारखं काय, तर फक्त काच. हत्यारं वेगळी, शिकण्याची जागा वेगळी, मजुरी देणारा वेगळा. एका वस्तूच्या नावामागे गेलं की दोन वेगवेगळे धंदे एकच वाटायला लागतात.

मग काच बसवणारा सापडतो कुठे? जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना बहुतेक लाकडी झडपाच असत. काच आली ती सुताराच्या हातात. चौकटीत काच ठेवायची, बारीक खिळे मारायचे, कडेनं लांबी भरायची किंवा लाकडी पट्टी ठोकायची, हे सगळं सुतारकामाचं शेपूट होतं. त्यामुळे या माणसाचा इतिहास शोधायचा तर सुताराच्या नोंदींमध्ये शोधावा लागतो, आणि तिथेही त्याचं वेगळं नाव नसतं. अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन आले तेव्हा लाकूड गेलं, लांबीच्या जागी रबर आणि सिलिकॉन आलं, आणि हा धंदा सुतारापासून सुटा झाला. नानांच्या खिशात पूर्वी हिरकणी असायची. रायगडावरची नव्हे, काच कापायच्या लेखणीच्या टोकाला बसवलेली हिऱ्याची कणी. आता चाकाचं कटर असतं, पण नाना अजून त्यालाही हिरकणीच म्हणतात.

सरकारी वर्गीकरणात मात्र हा माणूस आहे. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाच्या 2015 च्या आवृत्तीत त्याचा गट 7125. म्हणजे राज्याला तो मोजायचा कसा हे ठाऊक आहे. पण मोजणं वेगळं आणि मानणं वेगळं. इथे माझं खरं काम सुरू झालं.

मी प्रश्न उलटा केला. आपल्याकडे हाताचा अनुभव धरून सरकारनं अधिकृत कागद दिलाय असे धंदे कोणते? दोन ठळक सापडतात. एक बॉयलरवाला. 1923 च्या बॉयलर कायद्याच्या आधारे जे नियम झाले, त्यांत बॉयलर चालवणाऱ्याला सक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं, आणि परीक्षेला बसण्यासाठी भट्टीवर काढलेला काळ मोजला जातो. दुसरा तारतंत्री, म्हणजे वायरमन. 1956 च्या वीज नियमांतल्या 45 व्या नियमानं ठरवून टाकलं की विजेच्या जोडणीचं काम परवानाधारक ठेकेदारानंच करायचं, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडेही परवाना हवा.

हे दोनच का? बॉयलर फुटला की शेजारची माणसं मरतात. वायरिंग चुकलं की इमारत जळते. जिथे एकाची चूक दुसऱ्याच्या जिवावर येते, तिथे राज्य माणसाची परीक्षा घेतं. काच त्या यादीत आली नाही, कारण पहिल्या मजल्यावरचं फुटलेलं तावदान फार तर बसवणाऱ्याचाच हात कापतं. आता इमारतीच्या इमारती काचेनं मढवल्या जातात, तेव्हा हा हिशेब बदलायला हवा होता. बदलला, पण अर्धाच. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत काच आणि ग्लेझिंग यांच्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. सुरक्षा काचेसाठी आयएस 2553 हे मानक आहे. काच किती जाड, कुठे टफन केलेली, कुठे लॅमिनेटेड, सगळं त्यात येतं. म्हणजे काचेची परीक्षा होते. ती बसवणाऱ्याची होत नाही. भारतात ग्लेझिंगचा म्हणून परवानाच नाही, आणि नानांनी कितीही खेटे घातले तरी जो कागद अस्तित्वातच नाही तो त्यांना मिळणार नाही.

परवाना असतो तिथे काय होतं हे बघायला मी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याकडे गेले. (परदेशी उदाहरण शोभेसाठी घेऊ नका. आपल्याकडे जे नाही, ते असतं तर कसं दिसलं असतं हे कळण्यापुरतं घ्या.) तिथे काच, ग्लेझिंग आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कामाचा वेगळा परवाना आहे, 3,300 डॉलरच्या वरचं बांधकाम विनापरवाना करता येत नाही. शाळेत न शिकलेल्या माणसालाही वाट आहे: पूर्वानुभवाची मान्यता. केलेल्या कामांचे फोटो, मालकांची पत्रं, पगाराच्या नोंदी दाखवायच्या, मग जाणकार मूल्यमापक प्रश्न विचारतो, काम करताना बघतो.

ही कल्पना तिथे आली कुठून, याचा एक धागा दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाशी जातो. युद्धात हजारो माणसं कारागिरी शिकली, पण रीतसर उमेदवारी न करता. त्यांना कारागीर मानायचं की नाही? 1946 च्या ऑस्ट्रेलियन कायद्यानं त्यासाठी समित्या आणि मान्यतापत्रं आणली. आणि आता गंमत बघा. जवळपास त्याच वेळी, जुलै 1945 मध्ये, भारतातही सैन्यातून सुटलेल्यांसाठी पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय निघालं. पुढे 1950 च्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआयचा पसारा उभा राहिला, तो याच खात्याच्या हाताखाली. प्रश्न एकच होता, पण ऑस्ट्रेलियानं "याला काय येतं ते तपासा" या अंगानं एक वाट काढली, आणि आपला मुख्य भर पडला तो "याला पुन्हा शिकवा" यावर. माझ्या प्रबंधाचा दुसरा भाग या फाट्यावर उभा आहे, म्हणून मी जरा रेंगाळले. तुम्हाला तो ताणलेला वाटला तर जरूर भांडा.

"येतं ते तपासा" ही वाट आपल्याकडे रुंद झाली ती फार उशिरा. 2013 च्या डिसेंबरात राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला, 2015 मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली, आणि तिच्यात पूर्वानुभवाच्या मान्यतेला जागा मिळाली. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात साधारण बारा तासांची तोंडओळख, मग चाचणी, मग प्रमाणपत्र, अशी रीत होती. नानांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "बावीस वर्षं बारा तासांत बसवायची व्हय?"

आणि तरी, महाराष्ट्रात काचवाल्याच्या केलेल्या कामाला अधिकृत जागा देणारा एक कागद आहेच, आणि तो कौशल्य खात्याचा नाही. बांधकाम कामगारांसाठीच्या 1996 च्या कायद्यात, कलम 12 मध्ये, मागच्या बारा महिन्यांत किमान 90 दिवस काम केलेल्या 18 ते 60 वयाच्या कामगाराला लाभार्थी म्हणून नोंदणीचा हक्क दिलेला होता. राज्याचे नियम 2007 चे. कल्याणकारी मंडळाच्या मराठी कामांच्या यादीत एक ओळ आहे: "काच कापणे, काचरोगण लावणे व काचेची तावदाने बसविणे". ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी "काचरोगण"वर अडले. काचेला रोगण कोण लावतं? माझा अंदाज असा की मूळ इंग्रजीत "ग्लेझिंग" असणार. त्या शब्दाचे दोन अर्थ: चौकटीत काच बसवणं, आणि मातीच्या भांड्यावर चकाकी चढवणं. भाषांतरकारानं दुसरा उचलला. म्हणून सांगते, सरकारी मराठी वाचताना शब्द खटकला तर पुढे सरकू नका; तिथे बहुधा एक खिडकी असते. (बिनकाचेची का होईना.)

आता हे कागद शेजारी शेजारी ठेवा. नव्वद दिवसांचा दाखला दिवस सिद्ध करतो, हात सिद्ध करत नाही. कौशल्य प्रमाणपत्र हात तपासतं, पण वर्षं त्यात उमटत नाहीत. बॉयलरवाल्याच्या प्रमाणपत्रात दोन्ही येतात. सह्याही बघा: एकावर मालक, ठेकेदार किंवा ग्रामसेवक, दुसऱ्यावर मूल्यमापन संस्था, तिसऱ्यावर परीक्षक मंडळ. नव्वद दिवसांच्या दाखल्यावर सही करणाऱ्यानं काम पाहिलेलंच असतं असं नाही, आणि ज्या गिऱ्हाइकांनी पाहिलं त्यांच्या सहीला किंमत नाही. नानांची अडचण नेमकी इथली. रोज वेगळ्या घरी काम करणाऱ्याला मालकच नसतो.

हे लिहिता लिहिता मी नानांना विचारलं, तुमच्याकडे जुनं काही आहे का? त्यांनी फळीवरून पिशवी काढली. आत अकरा वह्या. प्रत्येक पानावर मापं: फूट, इंच, सूत. शेजारी गिऱ्हाइकाचं आडनाव, भाग, काचेची जाडी, उचल किती, बाकी किती. काही ठिकाणी खिडकीचं रेखाटन, आणि "चौकट तिरकी, 2 सूत कमी घे" अशी स्वतःलाच दिलेली सूचना. मी ओट्यावरच एका वहीतली एका वर्षाची पानं मोजायला बसले. वेगवेगळ्या तारखा एकशे चाळीसच्या वर भरल्या. मग त्या "2 सूत कमी घे"वर बोट ठेवून विचारलं, हे का?

नाना अर्धा तास बोलले. भिंत ओली असताना चौकट बसवली की लाकूड कसं वळतं, काच गच्च बसवली की उन्हात का तडकते, फट किती सोडायची, ती बाहेरून दिसू नये म्हणून पट्टी कशी घ्यायची. मी फोनवर रेकॉर्ड करत होते. मध्येच थांबून म्हणाले, "हे सगळं लिवून घेतेस, मग सही कुणाची?"

त्या वह्यांचे फोटो काढून, तारखांची यादी जोडून, नाना पुढच्या आठवड्यात पुन्हा अर्ज करणार आहेत. सोबत मी जाणार आहे.