माँ ब्लां
आल्प्स पर्वतातील सर्वोच्च शिखर व त्याच नावाचा गिरिपिंड. फ्रेंच भाषेतील या नावाचा अर्थ ‘पांढरा पर्वत’ असा होतो. शिखर सु. ४५° ५०′ उ. अ. व ६° ५२′ पू. रे. यांवर, फ्रान्स व इटली यांच्या सरहद्दीवर असून गिरिपिंडाचा ईशान्येकडील भाग स्वित्झर्लंडमध्ये मोडतो. सीमारेषा शिखरमाथ्यावरून जाते की माथा संपूर्णपणे फ्रान्समध्ये आहे, याविषयी दोन्ही देशांच्या नकाशांत एकवाक्यता नाही.

गिरिपिंड मुख्यत्वे ग्रॅनाइटाचा असला, तरी त्याचा सर्वोच्च बिंदू खडकाचा नाही. खडकाचा माथा ४,७९२ मी. उंचीवर असून त्यावर हिमाची टोपी साचलेली आहे. वारा व हिमवृष्टी यांनुसार तिची जाडी कमीजास्त होते. त्यामुळे शिखराची उंची २०२१ मध्ये ४,८०७·८१ मी., तर २०२३ मध्ये ४,८०५·५९ मी. भरली. उत्तरेकडील उतारांवरील पाणी शामॉनी दरीतील आर्व्ह नदीतून ऱ्होनला मिळते, तर इटलीकडील पाणी दोरा बाल्तेआ नदीने पो नदीकडे जाते. सु. १२ किमी. लांबीची मेर द ग्लास (‘हिमसागर’) ही फ्रान्समधील सर्वांत मोठी हिमनदी याच गिरिपिंडात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिचे मुख दोन किमी.हून अधिक मागे हटले आहे. बॉसाँ हिमनदी मात्र माथ्याच्या परिसरातून थेट शामॉनी दरीच्या दिशेने उतरते.

शामॉनी परिसरातील लोक या पर्वताला पूर्वी ‘शापित पर्वत’ म्हणत. जिनीव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ ऑरस बेनेडिक्ट द सोस्यूर याने १७६० मध्ये माथ्याची वाट शोधून काढणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. तथापि पुढील पंचवीस वर्षांतील सर्व प्रयत्न फसले. उघड्या हिमावर रात्र काढल्यास माणूस जगत नाही, ही समजूत त्यातील मोठा अडसर होती. अखेर ८ ऑगस्ट १७८६ रोजी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास शामॉनीचा वैद्य मीशेल गाब्रिएल पाकार व स्फटिक शोधून विकणारा झाक बाल्मा हे माथ्यावर पोहोचले. दोर किंवा हिमकुऱ्हाड त्यांच्याजवळ नव्हती. होत्या त्या लांब काठ्या व पाकारचा वायुभारमापक. पुढील वर्षी सोस्यूर स्वतः अठरा वाटाड्यांसह वर गेला व त्याने तेथे अनेक शास्त्रीय निरीक्षणे नोंदविली.

या पहिल्या चढाईचे श्रेय दीर्घकाळ एकट्या बाल्माला मिळाले. स्वतः अयशस्वी ठरलेला लेखक बूरी याने त्याच वर्षी पाकारला गौण ठरविणारा वृत्तांत छापला. पुढे १८३२ मध्ये कादंबरीकार आलेक्सांद्र द्यूमाने वृद्ध बाल्माच्या तोंडून ऐकलेली हकीकत तर अधिकच रंगतदार होती. तीनुसार बाल्मा एकटाच आधी माथ्यावर पोहोचला व नंतर त्याने थकलेल्या वैद्याला ओढत वर नेले. उत्तर देण्यास पाकार तेव्हा हयात नव्हता आणि त्याने योजिलेला स्वतःचा वृत्तांत कधीच प्रसिद्ध झाला नाही. शामॉनीत १८८७ मध्ये उभारलेल्या स्मारकात बाल्मा सोस्यूरला माथा दाखवितो. पाकारला त्यात स्थान नाही. वस्तुतः जर्मन प्रवासी बॅरन फोन गेर्सडॉर्फ याने ती चढाई दुर्बिणीतून पाहून तिचा तपशील व रेखाचित्र दैनंदिनीत उतरविले होते. ही दैनंदिनी विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांच्या हाती आल्यावर दोघेही बरोबरीने चालले होते, हे सिद्ध झाले. रसाळ कथेपुढे कोरड्या नोंदीला शतकाहून अधिक काळ थांबावे लागले. पाकारचा पुतळा १९८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी, उभा राहिला.

माथ्यावर जाणाऱ्या पहिल्या स्त्रीचा मान १८०८ मध्ये शामॉनीच्या मारी पाराडी हिने मिळविला. १८३८ मध्ये आंरिएत दांजव्हील ही तेथे गेली. १८२० मध्ये डॉ. हामेल यांच्या तुकडीवर हिमलोट कोसळून तीन वाटाडे हिमभेगेत गाडले गेले. पुढल्याच वर्षी शामॉनीच्या वाटाड्यांची संघटना स्थापन झाली. हे अवशेष सु. चाळीस वर्षांनी खाली येतील, असा अंदाज भौतिकीविज्ञ जेम्स फोर्ब्झ यांनी हिमनदीच्या गतीवरून केला होता. १८६१ पासून ते बॉसाँच्या खालच्या भागात खरोखरच सापडू लागले.

भारताशीही या हिमनदीचा दुःखद संबंध आहे. एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी या पर्वतावर आदळून ४८ जण, तर ‘कांचनजंगा’ हे मुंबईहून निघालेले विमान २४ जानेवारी १९६६ रोजी आदळून ११७ जण मृत्युमुखी पडले. दुसऱ्या अपघातात भारतीय अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होमी भाभा यांचा अंत झाला. बॉसाँ हिमनदी या विमानांतील वस्तू अद्याप बाहेर टाकीत असते. २०१२ मध्ये भारतीय परराष्ट्र खात्याची टपालपिशवी, २०१३ मध्ये रत्नांची पेटी आणि २०२० मध्ये इंदिरा गांधींच्या पंतप्रधानपदी निवडीचे वृत्त असलेली वर्तमानपत्रे तिच्या बर्फातून मिळाली.