१३७ जीबीचा धुरा

वऱ्हाडात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्याची भांडणे अमरावती-अकोल्याच्या कोर्टांत बापाकडून मुलाकडे वारशाने जातात. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, एका साखळीच्या चौरसाचा गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. हद्दीवर दगड रोवले गेले, कागदावर क्रमांक चढले. हे जुने कागद चाळताना माझे एक मत बनले आहे: भांडण दगडावरून दिसत असले, तरी त्याचे मूळ पुष्कळदा कागदाच्या रकान्यात असते.

याच नजरेने गेली काही वर्षे मी लिनक्सच्या कर्नलचा इतिहास वाचतो आहे. मी संगणकशास्त्र कुठे शिकलेलो नाही; पण दप्तर वाचायची सवय असली की हेही दप्तरच वाटते. कर्नल म्हणजे संगणकाचा मूळ कारभारी. डिस्कवर काय कुठे लिहायचे, हे त्याच्या हातून जाते. डिस्कची जमीन ५१२ बाइटच्या सारख्या तुकड्यांत वाटलेली असते. तुकड्याला सेक्टर म्हणतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. ‘अमुक क्रमांकापासून इतके सेक्टर लिही’ असा हुकूम आला, की तो डिस्कच्या हद्दीत बसतो का हे पाहणे कारभाऱ्याचे काम.

काम सोपे वाटते. अडचण क्रमांकाच्या रकान्याची असते. जुन्या डॉसमध्ये सेक्टरच्या क्रमांकाला १६ बिटांचा रकाना होता. त्यात ६५,५३६ क्रमांक मावतात, म्हणजे ३२ एमबी. त्यापुढची जमीन असून नसल्यासारखी. पुढची गंमत अधिक बोधक आहे. संगणकाच्या बायोसने डिस्कचा पत्ता सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांसाठी १०, ८ आणि ६ बिटांत लिहायचे ठरवले होते. डिस्क बनवणाऱ्यांनी त्याच तीन गोष्टींना १६, ४ आणि ८ बिट दिले होते. दोन खाती, दोन नमुने. हुकूम दोन्हींत बसायचा, तर प्रत्येक ठिकाणी लहान रकाना धरावा लागे: १०, ४, ६. त्यातही सेक्टरची मोजणी शून्याऐवजी एकपासून, म्हणून ६४ ऐवजी ६३. गुणाकार केला की ५२,८४,८२,३०४ बाइट. दोन्ही नमुने एकेकटे पाहिले तर बरेच ऐसपैस होते, अडचण त्यांच्या जोडणीत होती. महसूल आणि मोजणी या दोन खात्यांचे कागद एकत्र लावून पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पुढे २८ बिटांचा सलग क्रमांक आला. २६,८४,३५,४५६ सेक्टर, म्हणजे १३७ जीबी. तो पुष्कळ वर्षे पुरला. मग २००१ मध्ये मॅक्सटॉर कंपनीने १६० जीबीची डिस्क बाजारात आणली आणि धुरा ओलांडला गेला. त्याच वर्षीच्या मूळ विंडोज एक्सपीला १३७ जीबीच्या पलीकडचे दिसत नव्हते. २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने ते सुधारले. न दिसणे एक वेळ परवडले. विंडोज ९८ मध्ये प्रकार वाईट होता. २८ बिटांच्या रकान्यात २६,८४,३५,४५६ हा क्रमांक लिहायला गेले, तर वरचा बिट गळतो आणि उरतो शून्य. जे शेवटच्या धुऱ्यापलीकडे लिहायचे, ते गावाच्या पहिल्या शेतात लिहिले जाते. आणि डिस्कच्या पहिल्या शेतात पिके नसतात, तिथे सगळ्या गावाचा नकाशा असतो.

म्हणून यात हानी विचित्र होते. जुन्या नियतकालिकांची पाने स्कॅन करून ठेवणाऱ्या एका ग्रंथालयाची अशी डिस्क माझ्याकडे आली होती. शेवटची काही पाने गेली असती तर कोणी हळहळले नसते. इथे पाने जवळपास सगळी जागेवर होती. कोणते पान कुठे आहे हे सांगणारा तक्ता गेला होता. संगणक तेवढेच म्हणत होता, डिस्क नवीन आहे, फॉरमॅट करू का?

रकाना वाढवणे हा उपायाचा पहिला भाग. नवा क्रमांक ४८ बिटांचा झाला, पण डिस्कशी बोलण्याच्या जुन्या खिडक्या आठ-आठ बिटांच्याच होत्या. तोड अशी काढली, की त्याच तीन खिडक्यांत दोनदा लिहायचे: आधी वरचा भाग, मग खालचा. जुन्या यंत्रणेला धक्का न लावता केलेली ही तडजोड मला अस्सल कारकुनी हुशारीची वाटते.

दुसरा भाग हद्द तपासण्याचा, आणि तो मला जास्त आवडतो. सहज सुचणारी तपासणी अशी: सुरुवातीचा क्रमांक अधिक लांबी, ही बेरीज डिस्कच्या एकूण सेक्टरांपेक्षा मोठी आहे का? मोठी असेल तर हुकूम परत. आता ३२ बिटांचा रकाना घ्या. सुरुवात ४,२९,४९,६७,२९० आणि लांबी ८. बेरीज रकान्यात मावत नाही, स्कूटरच्या मीटरसारखी फिरते आणि २ दाखवते. दोन हा आकडा हद्दीच्या आतच आहे, जाऊ द्या! तपासणी झाली, आणि चोर सहीशिक्क्यानिशी आत गेला.

लिनक्सच्या कर्नलमध्ये हे उलटे लिहिलेले सापडते. आधी बघायचे, मागितलेली लांबी एकूण सेक्टरांपेक्षाच जास्त आहे का. नसेल तर एकूणातून लांबी वजा करायची आणि सुरुवात त्या वजाबाकीच्या पुढे जाते का ते पाहायचे. पहिला प्रश्न गाळला, तर वजाबाकीच शून्याखाली जाऊन फिरेल; म्हणून क्रमही मोडायचा नाही. या दोन प्रश्नांत बेरीज कुठेच नाही, त्यामुळे आकडा फिरायला वाव नाही. ‘किती दूर जाईल’ हे न विचारता ‘किती उरते’ हे विचारायचे. साखळी धरणारा अनुभवी माणूसही हेच विचारतो.

तरी कोपरा राहतोच. त्या काळच्या २.४ मालिकेच्या कर्नलमध्ये डिस्कचे आकारमान किलोबाइटमध्ये, म्हणजे दोन-दोन सेक्टरांच्या जोडीने नोंदवलेले असे. सेक्टरांची संख्या विषम असली की शेवटचा एक नोंदीबाहेर. म्हणून तपासणीत एकूण संख्या मुद्दाम एकने वाढवलेली दिसते. धुऱ्याला एक पाऊल सूट! पण नेहमीच्या वाटेने तो शेवटचा सेक्टर तरीही वाचता येत नसे, आणि नव्या पद्धतीच्या विभागणीत तक्त्याची राखीव प्रत नेमकी तिथेच ठेवतात. ती वाचण्यासाठी कर्नलला वेगळी सोय करावी लागली. पुढच्या मालिकेत आकारमान बाइटमध्ये नोंदवणे सुरू झाले आणि ही अर्ध्या गुंठ्याची कटकट मिटली.

तपासणी अजून तिथेच आहे. हद्दीबाहेरचा हुकूम आला, की डिस्कच्या टोकापलीकडे जाण्याचा प्रयत्न झाला अशी ओळ कर्नल आपल्या रोजनाम्यात लिहितो आणि हुकूम परत पाठवतो. पुढचा धुरा ३२ बिटांचा आहे, २.२ टीबीवर. आपल्याकडच्या ग्रंथालयांत आणि घरोघरच्या संग्रहांत आता तीन टीबीच्या डिस्क आल्या आहेत. जुन्या यूएसबी डब्याला ती लावल्यावर तीनाऐवजी साधारण ८०० जीबी दिसले, तर डब्याचा रकाना भरून फिरला आहे. अशा डब्यातून तिच्यावर काहीही लिहू नये. डबा बदलावा आणि आकडा पूर्ण दिसल्यावरच पहिले पान ठेवावे.