एक तबकडी, तीन हात

डिस्क गोल्फ म्हणजे काय, हे आधी दोन ओळींत उरकतो. नियम गोल्फचेच, फक्त चेंडूऐवजी तबकडी आणि भोकाऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत गेली पाहिजे. अमेरिकेत सार्वजनिक बागांमध्ये असे हजारो कोर्स आहेत आणि बहुतेक ठिकाणी खेळायला पैसे पडत नाहीत. प्रोजेक्टसाठी तिकडे असताना मी याच्या नादी लागलो त्याचं पहिलं कारण हेच. फुकट ते पौष्टिक!

तर मंडळी, नवा माणूस दुकानात जातो आणि सगळ्यात लांब जाणारी तबकडी मागतो. त्याला 'डिस्टन्स ड्रायव्हर' मिळतो, उदाहरणार्थ इनोव्हा कंपनीची 'डिस्ट्रॉयर'. नाव ऐकूनच हात शिवशिवतात. फेकली की पन्नास-साठ मीटरवर ती डावीकडे वळते आणि गवतात तोंड खुपसते. तीच तबकडी एखाद्या पट्टीच्या खेळाडूच्या हातून सुटली की आधी किंचित उजवीकडे, मग सरळ, मग डावीकडे असा लांबलचक 'एस' काढत १२० मीटरच्या पलीकडे उतरते. प्लास्टिक तेच, वजन तेच. मग भानगड काय? भौतिकशास्त्र आहेच, पण ही भानगड सुरू कधी झाली ते बघण्यासारखं आहे, कारण पूर्वी ती नव्हती.

फ्रेड मॉरिसन नावाचा तरुण १९३८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर केकचं पत्र्याचं भांडं फेकत होता. कुणीतरी ते २५ सेंटला मागितलं. दुकानात ते ५ सेंटला मिळायचं. धंदा तिथेच सुरू झाला. मग महायुद्ध आलं, मॉरिसन लढाऊ विमानाचा वैमानिक झाला, युद्धकैदीही झाला. परत आल्यावर १९४८ मध्ये प्लास्टिकची तबकडी, १९५५ मध्ये 'प्लूटो प्लॅटर', आणि १९५७ मध्ये तिचे हक्क व्हॅम-ओ कंपनीला. त्याच वर्षी कंपनीने 'फ्रिस्बी' हे नाव लावलं. ते आलं कनेक्टिकटमधल्या फ्रिस्बी पाय कंपनीवरून, तिची रिकामी भांडी कॉलेजची पोरं फेकायची. म्हणजे दोन्हीकडून मूळ स्वयंपाकघरातच!

पुढे व्हॅम-ओमधल्या एड हेड्रिकने तबकडी सुधारली (पेटंट १९६७ चं) आणि १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये डिस्क गोल्फचा पहिला कायमचा कोर्स आखला. साखळ्यांची टोपलीही त्याचीच. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी सगळे जवळपास एकाच घडणीच्या तबकड्या फेकत. जाड, गोलसर कडा. आजोबांची जवळ पडे, नातवाची लांब, पण दोघींचा रस्ता ओळखीचा असे.

१९८३ मध्ये डेव्ह ड्युनिपेसने कड तासली. विमानाच्या पंखासारखी निमुळती, धारदार. त्या तबकडीचं नाव 'ईगल', आणि तिच्याबरोबर इनोव्हा कंपनी उभी राहिली. हवेचा अडथळा कमी झाला, अंतरं वाढली. आणि माझ्या मते, खेळाडूंची वर्णव्यवस्थाही तिथूनच सुरू झाली.

आता भौतिकशास्त्र. भोवरा आठवा. फिरता भोवरा कलला की पडत नाही, आडव्या दिशेने गिरक्या घेतो. फिरत्या तबकडीचंही तसंच. उजव्या हाताने, बॅकहँडने फेकलेली तबकडी वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग भरपूर असतो तेव्हा हवेची उचल मध्याच्या किंचित मागे लागते, नाक खाली दाबलं जातं. पण तबकडी फिरत असल्याने नाक खाली न जाता ती उजवीकडे कलते. वेग उतरला की तबकडी खाली बसू लागते, हवा खालून जास्त कोनात येते, उचल पुढे सरकते, नाक वर ढकललं जातं आणि ती डावीकडे कलते. पहिल्याला 'टर्न' म्हणतात, दुसऱ्याला 'फेड'.

डिस्ट्रॉयरवरचे आकडे असे: स्पीड १२, ग्लाइड ५, टर्न उणे १, फेड ३. हा स्पीड म्हणजे तबकडीचा गुण नव्हे, ती तुमच्याकडून मागणी आहे! सॉफ्टवेअरच्या खोक्यावर 'किमान एवढी रॅम हवी' लिहितात ना, तसंच. नवख्याचा हात ताशी ६५-७० किलोमीटर वेग देतो. त्यात टर्नची पायरी येतच नाही, पहिल्या क्षणापासून फेडच चालू. ताशी ९५-१०० देणाऱ्याला पूर्ण 'एस' मिळतो. ११० च्या पुढचा व्यावसायिक तिला इतकी उजवीकडे कलवू शकतो की त्याला वाऱ्यासमोर आणखी हट्टी तबकडी लागते. वर आणखी गंमत, आपटून आपटून झिजलेली तबकडी मवाळ होते आणि जास्त टर्न घेते. म्हणून जुन्या तबकड्या कुणी टाकत नाही.

माझ्यासारख्या साठ-सत्तर मीटरवाल्याला 'लेपर्ड' बरी: स्पीड ६, ग्लाइड ५, टर्न उणे २, फेड १. ती आपल्या वेगातही सरळ जाते आणि बहुधा लांबही. पण दुकानाच्या दर्शनी भागात ती क्वचितच असते. २०१६ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात पाठीवर वारा घेऊन डेव्हिड विगिन्स ज्युनियरने ३३८ मीटर फेक केली, ती 'बॉस' नावाच्या स्पीड १३ च्या तबकडीने. पोस्टरवर तीच येणार. लेपर्डचं पोस्टर कोण छापेल? लोकांना सुदर्शन चक्र हवं असतं, बोट कुणाचं आहे ते नंतर बघू. :)

खेळाच्या संघटनेने कडेची रुंदी २.६ सेंटिमीटरवर अडवली आहे. डिस्ट्रॉयरची २.२ आहे. म्हणजे अजून चार मिलिमीटर शिल्लक आहेत. कारखान्यांना तेवढे पुरतात, पण एवढी रुंद कड धड पकडायला बोटंही तशीच लांब लागतात. हेड्रिक २००२ मध्ये गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तबकड्या बनवल्या गेल्या.