यजमान बदलतो तेव्हा : आभासी यंत्रांची कहाणी

संगणक जुना झाला की नवा आणता येतो. त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या मात्र इतक्या सहज टाकून देता येत नाहीत. वर्षानुवर्षांच्या नोंदी, हिशेब आणि ते करण्याची रीत त्यांच्यात मुरलेली असते. म्हणूनच 'नव्या यंत्रावर जुने काम कसे चालवायचे?' हा प्रश्न संगणकाच्या इतिहासात वारंवार उभा राहिला. त्याची उत्तरे कशी मिळाली आणि ती कोठे अपुरी पडली, हे आपण पाहू.

१९५९ साली आयबीएम कंपनीने १४०१ हा संगणक जाहीर केला. तो दशमान पद्धतीने गणित करी. असे दहा हजारांहून अधिक संगणक तयार झाले. ७ एप्रिल १९६४ रोजी याच कंपनीने सिस्टिम/३६० ही नवी मालिका जाहीर केली. तिची अंतर्गत रचना वेगळी आणि सूचनांची भाषाही वेगळी. १४०१ साठी लिहिलेली आज्ञावली तिला कळणे शक्य नव्हते. त्यातच, १४०१च्या आज्ञावल्या आपल्या यंत्रावर सहज आणता येतील असे सांगत, हनीवेल कंपनीचा २०० हा संगणक डिसेंबर १९६३ मध्ये पुढे आला होता. जुने काम चालले नाही तर ग्राहक हातचे जाणार, हे उघड होते.

तोडगा निघाला तो असा : ३६० मालिकेतील लहान यंत्रांत, प्रत्येक सूचना पार पाडण्याच्या बारीक पायऱ्या एका खास स्मृतीत साठवलेल्या असत. तेथे १४०१च्या सूचनांच्या पायऱ्याही भरल्या की नवे यंत्र जुन्यासारखे वागू लागे. या हुबेहूब नकलेला इम्युलेशन म्हणतात.

पुढची पायरी अमेरिकेतील केंब्रिज येथे, आयबीएमच्याच केंद्रात गाठली गेली. रॉबर्ट क्रीसी, लेस कोमो व सहकाऱ्यांनी तयार केलेली सीपी-४० ही प्रणाली जानेवारी १९६७ मध्ये वापरात आली. एका संगणकाचे ती चौदा 'आभासी' संगणक करी. साध्या बेरीज-वजाबाकीच्या सूचना ती खऱ्या यंत्रावर थेट चालू देई. पण एखाद्या आज्ञावलीने तबकडी, छपाईयंत्र अशा सामाईक साधनांना हात घातला, की यंत्र थबके आणि कारभार या नियंत्रक प्रणालीकडे येई. मागितलेले काम ती आपल्या परीने करून देई. आत चालणाऱ्या पाहुण्या कार्यप्रणालीला वाटे, सारे यंत्र आपलेच आहे. २ ऑगस्ट १९७२ रोजी याच कल्पनेवरची व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर झाली. आता एका आभासी यंत्रात जुनी कार्यप्रणाली रोजचे काम करीत असताना शेजारच्या यंत्रात नवी तपासून पाहता येऊ लागली.

फिरत्या नाटक मंडळीचे उदाहरण घेऊ. गाव बदलले तरी दार, खिडकी, खुर्ची ठरल्या जागी असली की नटाचे अडत नाही. ती मांडणी जमवणे हे नेपथ्यकाराचे काम. पण नव्या रंगमंचावर पडदे टांगायला आडवी दांडीच नसेल तर?

घरगुती संगणकांत नेमके हेच झाले. इंटेलच्या ८०३८६ या १९८५च्या प्रक्रियकात, आधीच्या ८०८६चे आभासी यंत्र उभे करण्याची सोय होती. १९९३ साली आलेली विंडोज एनटी तिच्याच बळावर डॉसच्या आज्ञावल्या चालवी. २००३ मध्ये एएमडी कंपनीचे ६४ बिटांचे प्रक्रियक आले. त्यांच्या ६४-बिट कार्यपद्धतीत ही सोय वगळलेली होती. परिणामी ६४-बिट विंडोजवर डॉसच्या आज्ञावल्या चालेनाशा झाल्या. त्यांत एक अक्षरही बदललेले नव्हते. खालचा आधार गेला होता. तसेच २००९च्या विंडोज ७ मध्ये एक्सपी प्रणालीचे आभासी यंत्र चालवण्याची सोय होती. २०१२च्या विंडोज ८ मध्ये ती राहिली नाही. पाहुण्याची सारी तबकडी एका फाइलीत शाबूत असे, पण ती चालवायला दुसरा नियंत्रक शोधावा लागे.

२००२ मधील डॉसबॉक्सने वेगळा मार्ग धरला. त्याने प्रक्रियकाचीच नक्कल आज्ञावलीत केली. वेग घटला, पण खऱ्या प्रक्रियकातील सोयीवरचे अवलंबन संपले. यजमान बदलला की फक्त डॉसबॉक्सची डागडुजी करायची.

मराठीपुरता या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसे. आज डॉसची नक्कल मिळाली तरी तिच्यात ते कार्ड आपोआप येत नाही. त्याचीही नक्कल कोणीतरी लिहावी लागते. मात्र, कोणत्या अक्षराला कोणता अंक हे सांगणारी इस्की ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. त्यामुळे ते यंत्र हाताशी नसले तरी इस्कीतला मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. स्वतःचेच संकेत वापरणाऱ्या आणि ते जाहीर न करणाऱ्या फाँटांतील मजकूर सोडवणे फार कष्टाचे असते.

सिस्टिम/३६०च्या सूचनांचे वर्णनही असेच यंत्रापासून वेगळे, पुस्तकरूपाने छापले गेले होते. यंत्रे बदलली तरी त्या वर्णनाला धरून नवी यंत्रे रचता आली. आभासी यंत्राची फाइल जपणे म्हणूनच अर्धेच काम. तिला काय काय लागते हेही लिहून ठेवावे लागते. शाळेतील एखादी जुनी फाइल घ्यावी आणि ती उघडण्यासाठी कोणती आज्ञावली, कार्यप्रणाली, फाँट व यंत्र लागते, याची यादी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. यादीतली जी जागा कोरी राहील, तेथूनच ती फाइल उद्या हातची जाईल.