तेल-पाण्याच्या सीमेवर जीवाणू कसे पोहतात?

पाणी आणि हवा किंवा पाणी आणि तेल जेथे एकमेकांना भिडतात, त्या पृष्ठाला आंतरपृष्ठ म्हणतात. डोळ्यांना ती केवळ एक रेषा भासते. तिच्यालगत पोहणाऱ्या जीवाणूचा मार्ग मात्र तीच ठरविते.

ई. कोलाय हा जीवाणू सुमारे २ मायक्रोमीटर लांब असून सेकंदाला २० ते ३० मायक्रोमीटर अंतर कापतो. इतक्या सूक्ष्म आकारात जडत्वाला अर्थ उरत नाही. पाण्याचा चिकटपणा, म्हणजेच श्यानता, सर्व काही ठरविते. पोहणे थांबविताच जीवाणू एका अणूच्या व्यासाहूनही कमी अंतरात थबकतो. अशा जगात एकच हालचाल पुढे-मागे करून पुढे सरकता येत नाही, हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ मध्ये एका निबंधात मांडले. म्हणूनच जीवाणू मळसूत्राकार शेपट्या, अर्थात कशाभिका, फिरवितो. त्या एका दिशेने फिरतात, तर शरीर उलट दिशेने.

खोल पाण्यात हा मार्ग जवळजवळ सरळ असतो. काचेजवळ मात्र काचेकडील बाजूस विरोध अधिक होतो. त्यामुळे शरीर एकीकडे, तर कशाभिका दुसरीकडे ढकलल्या जातात आणि जीवाणू वर्तुळे घेऊ लागतो. पाण्याच्या मोकळ्या पृष्ठालगत हवेचा विरोध नगण्य असतो. तेथे पृष्ठापासून दूरची बाजू अधिक अडते आणि वर्तुळाची दिशा उलटते.

निसर्गात आंतरपृष्ठ क्वचितच स्वच्छ असते. प्रथिने, मेद आणि साबणासारखी द्रव्ये तेथे साचतात. हा थर दाट झाला, की मोकळे पृष्ठही घन पृष्ठासारखे वागू लागते. शिवाय पृष्ठताणामुळे जीवाणू आंतरपृष्ठात अडकूही शकतो. हेक्झाडेकेन हे तेल आणि पाणी यांच्या सीमेवर स्यूडोमोनास जीवाणूंपैकी काही जागीच गरगरतात, काही वेटोळे मार्ग धरतात, तर काही नुसते थरथरतात.

तेलगळतीच्या संदर्भात या ज्ञानाला मोल आहे. जीवाणू तेलाचे विघटन करतात. परंतु मुख्यतः आंतरपृष्ठावरच. गोव्याच्या किनाऱ्यांवर येणाऱ्या तेलगोळ्यांचे पृष्ठ त्यांच्या वस्तुमानाच्या मानाने अल्प असल्याने ते सावकाश विघटित होतात. गळती झालेल्या तेलाचे बारीक थेंब करणारी रसायने हे पृष्ठ वाढवितात. मात्र तीच रसायने त्याचे गुणधर्मही पालटतात आणि जीवाणूंचे तेथे चिकटणे अवघड करू शकतात. त्यामुळे अशा रसायनांचा विचार करताना केवळ थेंबांचा आकार पाहून भागत नाही.